लापेनरान्ताच्या पत्राचं चौथं पान

पाटण
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. क्रांती,

तुझ्या दादाचे आशीर्वाद. इकडची खुशाली अशी की काळजीने फोन उचलावा असं काही नाही. भात काढून झालं. परवा सकाळी कोयनेचा एक छोटा धक्का बसला; मांडणीवरची भांडी वाजली, तुझी वहिनी "बसला वाटतं" म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली. आबांना सांगलीच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. काचबिंदूने डावा डोळा गेला तो गेलाच, उजव्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. कानाचं यंत्र ते अजून खिशात ठेवतात. "त्यात नुसता वारा वाजतो," म्हणतात. त्यामुळे तू सुचवलेला व्हिडिओ कॉल त्यांच्या उपयोगाचा नाही. पत्रच बरं. उजव्या कानाशी बसून मोठ्याने वाचलं की त्यांना सगळं कळतं.

तुझं लापेनरान्ताहून टाकलेलं पत्र मंगळवारी आलं, बावीस दिवसांनी. नेहमीप्रमाणे दुपारी माजी सैनिक भवनाच्या ओसरीवर वाचलं. तुझं पत्र घरात वाचलेलं आबांना चालत नाही. पलटणीत कुणाच्याही घरचं पत्र सगळ्या बराकीत वाचलं जायचं, ती सवय. राजाराम नाना होते. शंभूराजही होता. खालच्या आळीचा, सातवीपर्यंत तुझ्या वर्गात असलेला. तो आता हवालदार म्हणून रिटायर होऊन गावात आला आहे.

पहिलं पान वाचलं. तुमच्या इमारतीखाली युद्धाच्या वेळी आसरा घ्यायची खोली आहे, बहात्तर तासांत ती सगळ्या रहिवाशांसाठी तयार झाली पाहिजे असा फिनलंडचा नियम आहे, आणि रहिवाशांच्या सभेने तिची किल्ली या वर्षी तुझ्या हातात दिली. चौसष्ट माणसांची जबाबदारी. हे वाचताना माझा आवाज जरा चढला असणार, कारण रस्त्याने जाणारे दोघे थांबले.

"थांब," आबा म्हणाले. "दार कसलं हाय?"

"लोखंडी. वीतभर जाड, असं लिहिलंय."

"आतनं उघडतंय का?"

ते पत्रात नव्हतं.

"इचार तिला. आन् हवा?"

"हवेचं यंत्र आहे. वीज गेली तर दांडा हाताने फिरवायचा."

"आरं आकाराम," राजाराम नाना आबांना म्हणाले, "पोरीला एवढं शिकवलंस, आन् परदेशात जाऊन जातं फिरवणार म्हण की!"

"जातं न्हवं रं ते. आमचा वायरलेस असल्याच दांड्यावर चालायचा. एकानं फिरवायचा, दुसऱ्यानं बोलायचं. फिरवणारा दमला की बोलणारा मुका." आणि मग आबा कितीतरी वेळ हसत होते. आई गेल्यापासून त्यांना ओसरीवर असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

तळघरातल्या अडगळीची हकीकत सगळ्यांना आवडली. तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याच्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या तिथून हलवायला नकार दिला, तेव्हा नानांचं मत पडलं की जप्त कराव्यात. तू त्यांच्याबरोबर तीन वेळा कॉफी प्यायलीस आणि चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच त्या वर नेल्या, हे ऐकून नाना म्हणाले, "हिला सरपंच करा."

शंभूराजने मग मला लेबनॉनची आठवण सांगितली. तो युनोच्या ड्युटीवर तिथे होता तेव्हा शेजारच्या तळावर फिनलंडची तुकडी होती. "मास्तर, ती माणसं बोलत न्हाईत. सकाळी गुड मॉर्निंग घातलं तर दुपारी उत्तर देत्यात. पर काम सांगितलं की झालं म्हणून समजायचं. एकदा आमाला कॉफीला बोलावलं आन् अर्धा तास समदी गप. आमाला वाटलं, काय चुकलं का आपलं? मागनं कळालं, त्यो पाहुणचार हुता."

दुसऱ्या पानावर तू युरोपबद्दल लिहिलंस ते मी दोन ठिकाणी वाचलं, ओसरीवर आणि माझ्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या वर्गात. तू लिहिलंस, इतकी वर्षं युरोपातल्या बऱ्याच देशांनी घराची राखण अमेरिकेवर, चूल रशियाच्या गॅसवर आणि बाजार चीनच्या मालावर सोपवला होता. फिनलंडने स्वतःची फौज आणि तळघरं कधी मोडली नाहीत, म्हणून लोक तेव्हा त्याला हसायचे. आता तेच शिकायला येतात. रशियाची सीमा तुझ्या घरापासून पाटण ते कऱ्हाड एवढीच लांब, आणि दोन वर्षं बंद. "आता या तिन्ही गोष्टी एकदम हातात घ्यायच्या आहेत," तू लिहिलंस, "आणि आम्ही त्या घेतो आहोत, कुरकुरत का होईना."

एक सांगून टाकतो. "आम्ही घेतो आहोत" हे मी ओसरीवर "ते लोक घेत आहेत" असं वाचलं. ठरवून नाही. जिभेने परस्पर केलं.

वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, एवढे श्रीमंत देश, मग आधीच का नाही केलं?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं: सोय होती म्हणून. दुसरा करतो आहे आणि बरं करतो आहे, तोवर माणूस स्वतः उठत नाही.

तू चौथ्या पानावर लिहिलेलं मला समजलं आहे. तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज तू भरून ठेवला आहेस. ते मिळालं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. आबांचा शब्द आल्याशिवाय तू अर्ज पाठवणार नाहीस, आणि या वेळी तुला स्पष्ट "हो" किंवा "नाही" हवं आहे. योग्य वेळ पाहून त्यांच्याशी बोलतो. आज सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले आहेत.

तुझा,
दादा

पाटण
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. क्रांती,

आशीर्वाद. आधी आबांच्या प्रश्नाचं. दार आतून उघडतं, आणि ते अडलंच तर अंगणात निघणारी दुसरी वाट आहे, हे तू फोनवर कळवलेलं त्यांना सांगितलं. "मंग माणसं फसायची न्हाईत," म्हणाले, आणि विषय मिटला. तू पाठवलेला यंत्राचा फोटो मी त्यांना शब्दांत सांगितला. दांडा किती लांब, ते त्यांनी हाताने मोजून दाखवायला लावलं.

त्याच फोनवर तू विचारलं होतंस, चौथं पान ऐकून आबा काय म्हणाले? मी उत्तर दिलं, "विचार करतायत."

ते खोटं आहे. मी ते पान त्यांना वाचून दाखवलेलं नाही. त्या मंगळवारी तिसरं पान संपलं, मी कागदांची घडी घातली आणि "सर्वांना नमस्कार, तुमची क्रांती" असं तोंडाने म्हणालो. आबा म्हणाले, "बास? ह्या टायमाला लवकर संपलं." मी हो म्हणालो. त्यानंतर सव्वीस दिवस झाले. रोज ठरवतो. कधी त्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, कधी ते खुशीत असतात आणि ती खुशी मोडवत नाही. कारणं सगळी खरी आहेत. म्हणूनच मला त्यांचा संशय येतो.

तुला वाटेल, सैनिक माणूस, पासपोर्टाचं ऐकून कोसळेल म्हणून दादा भितो. तसं मानून घे असं मनात येतं. पण ते कारण नाही.

आधी दुसरं लिहितो. मागच्या आठवड्यात ओसरीवर पुन्हा तुझं युरोप निघालं. राजाराम नानांचे वडील प्रतिसरकारच्या काळात रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायचे, हे तुला माहीत आहे. नाना म्हणाले, "इंग्रजाची कचेरी हुती, पोलीस हुतं, कोरट हुतं. आपल्या माणसांनी सांगितलं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, आमचं आमी बघतू. सोपं न्हवतं गड्या. रोज कोणतरी म्हणायचंच, हे कसं जमायचं?"

"ते परक्याचं राज हुतं," आबा म्हणाले. "ह्यांची अमेरिका तर दोस्तच हाय."

"म्हणून तर जास्त अवघड. दुश्मनाला जा म्हणता येतंय. दोस्ताला काय म्हणशील?"

"जा कशाला म्हणायचं? तू बस, पर माझ्या दाराची कडी मी लावतू, एवढं म्हणायचं."

शंभूराज म्हणाला, "आवं आबा, पर कडी लावायला त्यांना अजून हातोडी दोस्ताचीच लागती की!" त्यावर तिघांचं बराच वेळ चाललं. शंभूराजचं चूक नाही. विमानांपासून उपग्रहांपर्यंत किती गोष्टी त्यांना अजून दुसऱ्याकडून घ्याव्या लागतात, हे मी वाचतो. आणि त्यातल्या काही देशांनी एके काळी दुसऱ्यांच्या घरात काय केलं, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. तेव्हा माझं कौतुक भाबडं आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. एकेका मुद्द्यापुढे खूण करून विचारला, तू मला ज्यावरून चिडवतेस तसा.

तरी कौतुक उरतंच. ते त्यांच्या तोफांचं नाही. सुखाची सवय लागलेल्या माणसांनी पन्नाशी-साठीत उठून पुन्हा शिकायला बसावं, तळघरातली अडगळ उपसावी, कर जास्त भरावा, मुलांबरोबर मुलींनाही फौजेत घ्यायचं का यावर भांडावं, याचं आहे. आणि त्याहून जास्त याचं की त्यांच्यातले कितीतरी पुढारी उघड सभेत म्हणाले, आम्हाला दिसत होतं, पण सोयीचं नव्हतं म्हणून आम्ही पाहिलं नाही. असं म्हणण्याने त्यांचं काहीच बिघडलं नाही असं नसेल. तरी म्हणाले.

हे मी शनिवारी वर्गात फार मन लावून सांगितलं. मुलं टक लावून ऐकत होती. आणि माझ्या शर्टाच्या खिशात तुझं चौथं पान घडी घातलेलं होतं. मला पुढचं वाक्य आठवेना. मुलांना वाटलं, सर विचार करतायत.

घरी येऊन २०१६ ची रोजनिशी काढली. मला हवं ते पान मिळालं. माझी आठवण मला फसवत असेल अशी आशा होती, पण अक्षर माझंच आहे.

उद्या आबांना चौथं पान वाचून दाखवतो. ओसरीवर नाही, घरी. त्यात तू एक वाक्य त्यांचं म्हणून लिहिलं आहेस. ते ऐकलं की ते काय विचारतील हे मला माहीत आहे, आणि उत्तर त्यांच्याकडे नाही, तुझ्याकडेही नाही.

तुझा,
दादा

पाटण
रविवार, ७ डिसेंबर २०२५

क्रांती,

आबांची तब्येत बरी आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू घाबरून वाचणार नाहीस.

सोमवारी जेवणानंतर वाचलं. आबा खाटेवर, मी उजव्या कानाशी, तुझी वहिनी सोनिया समोर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. मी तिला उठून जा म्हणालो नाही. कुणीतरी असायला हवं होतं.

तू लिहिलेलं तसंच्या तसं वाचलं. किल्ली देताना सभेत कुणाला तुझं नाव नीट म्हणता येईना, पण ही बाहेरची बाई कशाला, असंही कुणी म्हणालं नाही. त्यांनी तुला पुरतं आत घेतलं, तेव्हा तूही पुरतं आत जावं असं तुला वाटतं. मग ते वाक्य आलं. "आबा, आई गेल्यावर मी पत्रातून विचारलं होतं, इथे राहू की परत येऊ? तुम्ही कळवलंत, तुझं तू ठरव. नऊ वर्षं मला वाटत आलं आहे की मी आले काय, न आले काय, तुम्हाला सारखंच. म्हणून या वेळी हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा."

"परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं.

"मी कवा म्हणालो तसं?"

सोनियाच्या हातातली शेंग थांबली.

"मी ये म्हणालो हुतो. तू लिवलंस न्हवं? तिनंच उत्तर धाडलं न्हाई. मी म्हटलं, पोरगी मोठी झाली, आता बापाचं कशाला ऐकंल. म्हणून परत काढलं न्हाई मी." मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. ज्याला दिसत नाही अशा माणसाने असं पाहिलं की कुठे पाहावं ते आपल्याला कळत नाही. "सयाजी, तू काय लिवलंस?"

क्रांती, रोजनिशीत आहे ते उतरवून देतो. रविवार, १४ ऑगस्ट २०१६. "आज आबांनी क्रांतीच्या पत्राला उत्तर सांगितलं. म्हणाले, ये म्हणावं. तुझ्या आईमागं घर बोलत न्हाई. दोन वर्सं राहा, मंग बघू. मी वेगळं लिहिलं." एवढंच. वेगळं काय लिहिलं ते रोजनिशीतही लिहायचं धैर्य नव्हतं. ते तुझ्याजवळच्या कागदावर आहे: तुझं तू ठरव, इकडची काळजी करू नकोस.

आबा बावीस वर्षं सिग्नलला होते. संदेश लिहून घेतला की तो परत वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम. आपल्या पत्रांनाही ते तोच लावतात. त्या दिवशीही म्हणाले होते, "वाच बघू." मी कागद समोर धरला आणि त्यांनी सांगितलेलं वाचलं. कागदावर दुसरं होतं. ते "बराबर" म्हणाले आणि मी पाकीट चिकटवलं.

हे सगळं मी सोमवारी त्यांना सांगितलं. कानाशी सांगायचं म्हणजे मोठ्याने सांगावं लागतं. स्वतःची अशी गोष्ट ओरडून सांगण्याचा प्रसंग फार लोकांवर येत नसेल.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपरेटरनं मेसेज बदलायचा नसतो. माणसं मरत्यात त्यानं." काठी मागितली, भिंतीला हात लावत एकटे भवनापर्यंत गेले. मी मागून गेलो, तर पावलं ओळखून म्हणाले, "नगं."

ओसरीवर नानांनी विचारलं म्हणे, "आज मास्तर न्हाईत बरोबर?" आबा म्हणाले, "आमचा वायरलेस बिघडलाय."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट सोनियाने वाढलं, पेपर सोनियाने वाचला. ती मला म्हणाली, "इतकी वर्षं रोज डायरी लिहिता. मला वाटायचं, केवढा सरळ माणूस, स्वतःचा हिशोब स्वतः ठेवतो. तुम्ही नुसतंच लिहीत होता होय?"

का केलं, हे तू विचारशील. स्वतःला सांगत आलो ते असं: तुला नोकरी लागून तीनच महिने झाले होते. आबांची दोन वर्षं म्हणजे कायमची, हे मला कळत होतं. मी सांगलीला एम.ए. करून परत आलो तो इथलाच झालो. घरातल्या एकाने तरी जावं, असं वाटलं. यातलं काही खोटं नाही. पण पुरतं नाही. आबांना तेव्हा नुकतीच अक्षरं दिसेनाशी झाली होती. एक कागद त्यांना माझ्याशिवाय वाचता येत नव्हता, आणि क्रांती, मला ते आवडत होतं. तू आली असतीस तर त्यांनी कागद तुझ्या हातात दिला असता. तुझा आवाज त्यांना जास्त नीट ऐकू येतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला तू जायला हवी होतीस हेही खरं, आणि तू यायला नको होतीस हेही. दोन्हींतलं कुठलं जास्त, ते नऊ वर्षांत ठरवता आलं नाही.

त्या वेळी तू आली असतीस तर आज तुझ्या हातात ती किल्ली नसती, असाही विचार आला. तो लगेच खोडला. तुझ्या कर्तबगारीत माझ्या लबाडीला वाटा मागायचा नाही.

गुरुवारी दुपारी आबांनी हाक मारली. "कागद घे. सूनबाय, तू बी बस हितं." मी लिहायचं आणि सोनियाने वाचून दाखवायचं, असं ठरवलं. तिने दोनदा वाचलं. दोन शब्द मी "सुधारले" होते, सवयीने. ते तिने पकडले आणि त्यांनी पुन्हा त्यांचे करून घेतले. खाली आहे ते त्यांचं.

"क्रांती, मी आबा बोलतोय. मी ये म्हणालो हुतो. ते तुला पोचलं न्हाई. तू आली न्हाईस म्हणून मी तुझ्यावर नऊ वर्सं रुसलो आन् तुला कळू दिलं न्हाई. ह्याची चूक हाय तशी माझी बी हाय. जबाब आला न्हाई तर मेसेज परत धाडायचा असतो. मी न्हाई धाडला. ताठा नडला.

आता पासपोर्टाचं. मला वाईट वाटतंय. लपवत न्हाई. बावीस वर्सं ज्याला सलाम केला त्याचा कागद माझी पोरगी परत देणार, म्हटल्यावर वाईट वाटणारच. पर ज्या माणसांनी चौसष्ट जीव तुझ्या हवाली केलं त्यांच्यात अर्धी राहू नगंस. ड्युटी अर्धी नसती. अर्ज धाड. मी हो म्हणतोय.

शंभूराज म्हणतोय ती समदी लय उशिरा जागी झाली. मी म्हणतो, झाली न्हवं? आपलं घर आपण राखायचं म्हणत्यात, मला आवडलं. त्यांना एक सांग. दांडा फिरवणारा दमायच्या आधी बदलायचा. दमल्यावर बदलला तर मधी हवा तुटती. धा मिनटाला एक माणूस. त्या पट्ट्यावाल्या म्हाताऱ्या बाईला बी पाळी दे, तिला बसवून ठेवू नगंस.

तुला हितं यायला आता व्हिसा लागंल म्हणं. काढ आन् ये. राहायला न्हाई, भेटायला ये. पर ये. ह्या टायमाला ये लिवलंय का ते मी दोनदा वाचून घेतलंय.

पुढचं पत्र सोनियाच्या नावानं धाड."

इथे त्यांचं संपलं. शेवटची ओळ लिहिताना त्यांनी विचारलं, "लिवलंस?" मी लिवलं म्हणालो. त्यांनी सोनियाला विचारलं, "लिवलंय?" तिने हो म्हटल्यावरच कागद हातातून सोडला. खालची वेडीवाकडी सही त्यांची आहे. बोटाने कागदाची कड चाचपून केली. मी हात धरायला गेलो नाही.

तेव्हा आबांना तुझी पत्रं वाचून दाखवणं आणि त्यांची लिहून घेणं माझ्यापुरतं इथे थांबतं. सोनिया स्पष्ट वाचते, मधले शब्द गाळत नाही. ओसरीवर बायका येत नाहीत, म्हणून नाना कुरकुरले; आबा म्हणाले, "मंग येईल आता." परवा तिने त्यांना पेपर तिथेच वाचून दाखवला.

मला माफ कर, असं लिहीत नाही. ते लिहिलं की उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं, आणि तुझ्यावर आधीच माझं एक वाक्य नऊ वर्षं आहे. मला पत्र लिहायचं की नाही, काय लिहायचं, कधी लिहायचं, यात मी काही सुचवत नाही. अर्जाबद्दलही नाही. आबांचा शब्द तुझ्यापाशी आला, आणि त्यात माझा एकही नाही, एवढं मात्र मी या कागदावर शपथेवर सांगू शकतो.

सही काय करावी म्हणून बराच वेळ बसलो होतो. "तुझा दादा" हे मी आजवर न विचारता लिहीत आलो. आता ते तू म्हणशील तर.

सयाजी